फरशीवरून पाणी

फरशी पूल हा पुलांमधला एक असा प्रकार आहे की त्याने पावसाळ्यात बुडावे, ही त्याच्या बांधणाऱ्याचीच अपेक्षा असते. तो बुडाला की ठाणे जिल्ह्यात बातमी होते, तहसील कार्यालयात फोन खणखणतात, लोकप्रतिनिधी पाहणीला निघतात आणि उंच पुलाच्या मागणीचे निवेदन नव्या तारखेसह पुन्हा टाइप होते. आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला मात्र यात काहीच नवल वाटत नाही. ठरल्याप्रमाणे काम करणाऱ्या सरकारी बांधकामांची यादी करायची झाली, तर फरशी पुलाला त्यात वरचे स्थान द्यावे लागेल. जुलैत तो बुडतो, पूर ओसरला की वर येतो आणि त्यासाठी त्याला एकही स्मरणपत्र पाठवावे लागत नाही.

नदी ओलांडण्याच्या साधनांत सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा प्रकार म्हणजे उतार. जिथे पात्र रुंद होते तिथे पाणी उथळ असते, तळाशी गोटे किंवा कातळ लागतो आणि काठ बैलगाडीला झेपेल इतपत निवांत असतो. अशी जागा माणसाच्या आधी गुरांनी शोधलेली असते. माणसाने पुढे तिला फक्त रस्ता क्रमांक दिला. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून आहे, गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. पण कल्याण आणि घाटाचा पायथा यांच्या मधले ओढे-नद्या त्या तांड्यांनी कसे ओलांडले, याविषयी लेखात अवाक्षर नाही. बहुधा थांबून ओलांडले असावेत. पावसाळ्यात गलबते किनाऱ्याला लागत, बैल चरायला सोडले जात आणि भिक्षू वर्षावासासाठी लेण्यांत मुक्काम करत. चार महिने थांबण्याला तेव्हा धर्म आणि व्यापार दोघांचीही मान्यता होती. आज त्याच वाटेवरच्या कल्याण–मुरबाड रस्त्यावर चार मिनिटे थांबावे लागले तर मागून हॉर्न वाजतो, आणि हॉर्न वाजवला की पूर ओसरतो यावर वाजवणाऱ्याची श्रद्धा असते.

उताराच्या तळाला दगड किंवा काँक्रीट घातले की सपाट कॉजवे तयार होतो. तोच थोडा उचलून खाली नळ टाकले की नळांचा कॉजवे होतो. खांबांवर स्लॅब टाकून आणखी उचलला, पण पुराच्या पातळीपर्यंत नेला नाही, तर तो बुडीत पूल. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांत हे तिन्ही वेगवेगळे असतात. गावात तिघांनाही फरशीच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही, कारण बुडाल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पायी जाणाऱ्यांसाठी ओढ्यावर साकव असतो. कोकणपट्टीत त्याच्यासाठी सरकारी निधीही असतो. साकवावरून मोटारसायकल नेऊ नये असा संकेत असल्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांना मोटारसायकलच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात.

कॉजवेखाली जे नळ असतात त्यांना ह्यूम पाइप म्हणतात. हा ह्यूम काँग्रेस स्थापन करणारा नव्हे. हा वॉल्टर ह्यूम ऑस्ट्रेलियातला. साचा गरगर फिरवून काँक्रीटचे नळ घडवण्याची युक्ती त्याने १९१० साली काढली. भारतात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९२६ साली मुंबईत इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली आणि नळ खेड्यापाड्यांत पोहोचले. नळाच्या आयुष्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात तो रस्त्याकडेला पडून असतो. त्यात कुत्री वितात, मुले लपतात आणि त्याच्या पाठीवर किमान एका निवडणुकीची चिन्हे रंगतात. दुसऱ्या टप्प्यात त्याला कॉजवेखाली बसवतात. हा टप्पा पहिल्याइतका मोठा असेलच असे नाही.

नळांतून जाते ते नदीचे रोजचे पाणी. पुराचे पाणी नळांतून जावे अशी योजनाच नसते. ते वरून जायचे असते. अडचण ही की रोजचे पाणीही पुष्कळदा वरूनच जाते. उल्हास नदीतली जलपर्णी, मोडलेल्या फांद्या, प्लॅस्टिकच्या गोणी, चपला, मखराचे अवशेष आणि डोंबिवलीहून सहलीला आलेल्यांनी निसर्गाला अर्पण केलेल्या पाण्याच्या बाटल्या नळांच्या तोंडाशी येऊन थांबतात. नळ बुजले की कॉजवेचे धरण होते आणि धरणावरून सांडवा वाहू लागतो. पाटबंधारे खात्याने इतक्या थोड्या खर्चात धरण बांधल्याचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

कठड्याची गोष्ट याहून मजेची आहे. फरशीवरून पाणी वाहताना पुलाची कड दिसत नाही, म्हणजे कठड्याची गरज तेव्हाच सर्वांत जास्त. पण पक्का कठडा असला तर वाहत आलेली झाडे त्यात अडकतात, पाण्याचा रेटा वाढतो आणि कठड्यापायी पूलच जायची वेळ येते. म्हणून बुडीत पुलांना काढून ठेवता येतील किंवा आडवे पाडता येतील असे कठडे बसवतात. परिणामी उन्हाळ्यात, पात्रात गुरे बसलेली असताना, पुलाला दोन्ही बाजूंनी भक्कम कठडा असतो. आणि पावसाळ्यात, नदी पुलावरून जात असताना, तो गोदामात असतो. हे वेडेपणाचे दिसले तरी शास्त्राला धरून आहे. त्यामागचा खरा नियम इतकाच, की कठडा काढलेला असेल तेव्हा पुलावर कोणी नसावे. नियमाचा हा उत्तरार्ध पुलावर कुठे लिहिलेला नसतो. काढलेले कठड्याचे लोखंडी नळ पाऊस संपल्यावर परत बसवायचे असतात. मधल्या काळात ते भंगारवाल्याकडे पोहोचले नाहीत, तर बसवतातही.

कठडा नसला तरी कडेला ठरावीक अंतरावर बुटके खांब असतात. त्यांना पांढरा रंग देऊन काळे पट्टे ओढलेले असतात. खांबाचे डोके दिसते तोवर रस्ता कुठे आहे हे कळते. डोकेही बुडाले की रस्ता नाही असे समजायचे. काही ठिकाणी पाण्याची खोली दाखवणारी मोजपट्टीही असते. तिच्यावरचे आकडे मात्र पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन जातात आणि ती जागा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक घेतो. त्या फलकावरून पाण्याची खोली साधारण सांगता येते: भाऊंच्या हनुवटीपर्यंत पाणी आले की एसटी बंद.

असा पूल बांधायचाच कशाला, हा प्रश्न दर जुलैत विचारला जातो आणि त्याचे उत्तर पुढच्या मार्चमध्ये नदीकाठी उभे राहिले की मिळते. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने डोंगराकडचे ओढे कोरडे असतात आणि नद्यांत घोट्याएवढे पाणी राहते. पुराच्या वर राहणारा उंच पूल बांधायचा, तर खांब उंच, दोन्हीकडचे भराव लांब आणि खर्च कित्येक पट. पलीकडे शंभर उंबऱ्यांचा पाडा असेल तर तो हिशेब बसत नाही. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने कॉजवे आणि बुडीत पूल कसे बांधावेत याची वेगळी मार्गदर्शक पुस्तिकाच २००८ साली काढली आहे. पुरात काही तास वाहतूक अडणार, हे त्या शास्त्राने गृहीत धरलेले आहे. म्हणजे पूल बांधतानाच त्याच्या बुडण्याला तांत्रिक मंजुरी असते. पलीकडच्या गावाला याची प्रत देण्याची पद्धत नाही.

हा हिशेब चुकतो तो पुलामुळे नव्हे, काळामुळे. बैलगाडी आणि दिवसाला दोन एसट्या धरून बांधलेल्या फरशीवरून पुढे खडीचे डंपर जाऊ लागतात. पलीकडे ‘निसर्गाच्या कुशीत’ प्लॉट पडतात, शाळा, फार्म हाऊस आणि ढाबे येतात. फरशी तेवढीच राहते. मग दर वर्षी तोच पूल बुडतो, पण अडकणारी माणसे वाढत जातात, आणि कागदावर शहाणपणाची असलेली काटकसर प्रत्यक्षात हलगर्जीपणा होऊन बसते. अशा जागी उंच पुलाची मागणी रास्तच असते. तिला वेळ लागतो. पुलांच्या बाबतीत शहरालाही थांबावे लागते. कल्याणचा पत्रीपूल तर नदीवरही नव्हता, रेल्वेवर होता; तो २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात कल्याण-डोंबिवलीकरांनी पुलाशिवाय जगण्याचा जो सराव केला, तो काळू नदीकाठच्या गावांना आधीपासूनच होता.

कारण काळू नदीवर टिटवाळ्याजवळ रुंदे पूल आहे. टिटवाळ्याचा महागणपती जितका प्रसिद्ध तितका नसला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत रुंदे पुलाचे नाव गणपतीपेक्षा जास्त वेळा येते. ठरलेला मथळा, ठरलेले छायाचित्र: गढूळ पाणी, अलीकडे दहा-बारा छत्र्या, पलीकडे तेवढ्याच. शहापूर–मुरबाड रस्त्यावर भातसा नदीचा सापगाव पूल आहे, त्याचीही हजेरी नेमाने लागते. उल्हास नदीवरचा रायते पूल हा तर फरशी म्हणण्याजोगा नव्हे. तो कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. तरीही २०१९ आणि २०२१ च्या जुलैत नदी त्याच्यावरून गेली आणि महामार्ग बंद पडला. पूल उंच आहे की बुटका, हे शेवटी नदीने ठरवायचे असते.

या नद्यांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय फरशीवरचा प्रसंग समजत नाही. उल्हास बोरघाटाच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर करत कल्याणच्या खाडीला येते. काळू माळशेज–हरिश्चंद्रगडाच्या बाजूने, तर भातसा शहापूरकडून येते आणि कल्याणच्या आसपास सगळे पाणी एकत्र होते. सह्याद्रीचा कडा हजार मीटर उंच आणि समुद्र मोटारीने जेमतेम दीड-दोन तासांच्या अंतरावर. त्यामुळे वर पडलेल्या पाण्याला रमतगमत यायला वावच नसतो. टिटवाळ्यात ऊन पडलेले असते, छत्र्या मिटलेल्या असतात, कोणी दोरीवर कपडे वाळत घालत असते, आणि तेवढ्यात काळूचे पाणी तांबडे होऊन चढू लागते. पाऊस माळशेजला झालेला असतो, पूल बुडतो टिटवाळ्याला. शहरी माणसाला हे पटत नाही. ‘पाऊस तर कधीच थांबला’ हा त्याचा युक्तिवाद असतो. नदी त्यावर वाद घालत बसत नाही.

धरणे हा यातला आणखी एक भाग. बदलापूरजवळचे बारवी धरण कल्याण-डोंबिवलीसह आसपासच्या शहरांना आणि कारखान्यांना पाणी देते. त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडायला माणूस लागत नाही, त्यामुळे दरवाजा उघडू नका म्हणून विनंती करायलाही कोणी सापडत नाही. भातसा धरणातून पाणी सोडायचे असले की काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा येतो. इशारा व्हॉट्सॲपवर येतो आणि गेल्या वर्षीचा इशाराही त्याच दिवशी पुन्हा फिरू लागतो. दोन्हींचा मजकूर सारखाच असल्यामुळे कुठला खरा हे पुलाजवळ जाऊन पाहावे लागते. पुलाजवळ जमणाऱ्या गर्दीत अशा सावध माणसांचा भरणा मोठा असतो.

या गर्दीचे घटक ठरलेले आहेत. एसटीचा चालक हा त्यांतला सर्वांत शहाणा. तो गाडी दूर उभी करतो, खाली उतरतो, तंबाखू मळतो आणि खांबाच्या काळ्या पट्ट्याकडे बघत बसतो. प्रवाशांनी कितीही आग्रह केला तरी ‘पट्टा दिसू दे’ एवढेच म्हणतो. दुसरा घटक मोटारसायकलस्वार. हा एकटा असला तर थांबतो. मागे मित्र बसलेला असला तर थांबत नाही. तिसरा, बहुधा ठाणे किंवा डोंबिवलीहून माळशेजला किंवा बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला निघालेला, उंच मोटारीचा मालक. मोटारीच्या जाहिरातीत ती नदीतून जाताना त्याने पाहिलेली असते. त्या नदीला तळ सपाट होता, पाणी स्वच्छ होते आणि बाजूला क्रेन उभी होती, हे जाहिरातीत दिसलेले नसते. चौथे म्हणजे दर्शक. यांना पलीकडे जायचे नसते. ते मोबाइल आडवा धरून उभे असतात आणि गाडी सुखरूप पार झाली तर त्यांचा थोडा विरसच होतो. जो कधी पोहायला शिकला नाही, तो या मंडळींत मोठ्याने सांगत असतो, “काही होत नाही, टाक!”

पाचवा घटक गावातला म्हातारा. त्याला कोणी विचारलेले नसते, पण माहिती फक्त त्यालाच असते. पाण्याची खोली तो अंगाच्या मापात सांगतो: घोट्याएवढे, पोटरीएवढे, मांडीएवढे. ही पद्धत मीटरपेक्षा सोयीची आहे. तिच्यात एकच उणीव, मांडी कोणाची हे आधी ठरवावे लागते. तरी म्हाताऱ्याचे खरे ज्ञान खोलीचे नसते. “दादा, नका जाव. पानी कमी दिसतंय, पन ओढ हाय,” असे तो म्हणतो आणि पदार्थविज्ञानाचा अख्खा धडा त्यात येतो.

तो धडा असा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून गुडघ्याएवढे तळ्यातले पाणी आणि गुडघ्याएवढे काळूचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या इशाऱ्यानुसार वेगाने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, ३० सेंटीमीटर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटीमीटर पाण्यात बहुतेक गाड्या तरंगतात. मोटार तरंगते यावर विश्वास बसत नसेल तर हिशेब सोपा आहे. लहान मोटारीचा तळ साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला, तर तळाला पाणी टेकल्यानंतरचे दर १० सेंटीमीटर पाणी तिला सुमारे ५०० किलोंनी हलके करते. मोटारीचे वजन आठशे-हजार किलो. म्हणजे तळावर जेमतेम वीतभर पाणी चढले की चाके नावापुरती टेकलेली असतात, आणि सुकाणू हातात असूनही गाडी नदी म्हणेल तिकडे जाते. आर्किमिडीजने हे टबमध्ये शोधले. आपल्याकडे दर वर्षी ते नव्याने शोधून पाहिले जाते. म्हैस मात्र कधी शोधायला जात नाही. पाणी चढलेले दिसले की ती फरशीच्या अलीकडेच बसते आणि रवंथ करते.

गाडी वाहून गेली नाही तर ती बंद पडते. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, त्यामुळे आतला दांडा वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा चालू करून पाहणे हा तो दांडा नक्की वाकवण्याचा मार्ग आहे, आणि दहापैकी दहा चालक तोच पत्करतात. पुढे विमा कंपनीच्या पत्रातून कळते, की इंजिनात शिरलेल्या पाण्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि ते घेतलेले नव्हते. गाडी बाहेर काढतो गावातला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याचा दर पाण्याच्या खोलीप्रमाणे आणि गाडीच्या किमतीप्रमाणे बदलतो. घासाघीस करण्याची जागा नदीच्या मध्यावर असल्याने ती फार लांबत नाही.

फरशीवर ज्यांचे खरोखर काम असते ते लोक या गोंधळात दिसत नाहीत. शेवळी, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्यांची पाटी घेऊन कल्याण स्टेशनबाहेर बसायला निघालेल्या आदिवासी बाया पाणी चढायच्या आधी, पहाटेच पार झालेल्या असतात. शाळेचे शिक्षक शहरातून येतात. त्यांची शाळा पाण्याच्या पलीकडे, मुलेही पलीकडे, म्हणजे बुडालेल्या दिवशी पलीकडे सगळी शाळा हजर असते, फक्त शिकवणे अलीकडे अडकलेले असते. मुले हा दिवस फरशीजवळ मासे धरण्यात घालवतात. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. कॉजवेच्या खालच्या अंगाला पाण्याने खड्डा केलेला असतो. तिथून वर उडी मारणे माशाला जमत नाही, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि पाग घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे काम सोपे होते. कॉजवेने नदीचे आणि माशांचे हे नुकसान केलेच आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही. चिंबोऱ्यांना ही अडचण नाही. त्या स्लॅबवरून चालत जातात, बहुधा रहदारी बंद असताना.

प्रशासनाचे काम पाणी चढण्याआधीच सुरू होते. पावसाळी पर्यटनाच्या जागांवर जिल्हाधिकारी मनाई हुकूम काढतात. तो पूर्वी कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलमाचा आकडा बदलला तरी धबधब्याखाली उभे राहणाऱ्यांचा आकडा बदललेला नाही. पाणी चढले की पोलीस फरशीच्या दोन्ही बाजूंना अडथळे लावतात. अडथळ्याच्या बाजूने मोटारसायकल जाईल एवढी फट राहते आणि ती फट हाच पुढचा रस्ता होतो. ‘गावांचा संपर्क तुटला’ अशी बातमी येते तेव्हा त्या गावांच्या मोबाइलला पूर्ण रेंज असते आणि बातमी तिथेच प्रथम वाचली जाते.

शहराने हे सगळे गावाकडचे म्हणून सोडून द्यावे, अशी मात्र परिस्थिती नाही. कल्याण-डोंबिवली पट्ट्याने स्वतःचे उतार तयार केले आहेत. रेल्वेखालून जाणारा प्रत्येक सबवे हा जमिनीत खणून मुद्दाम बनवलेला फरशी पूल आहे. फरक इतकाच, की फरशीवरचे पाणी पुढे निघून जाते, सबवेतले पंप येईपर्यंत थांबते. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून, उल्हासनगरातून कल्याणला येणारी वालधुनी एरवी नाला म्हणून ओळखली जाते. मोठ्या पावसात ती आपण नदी असल्याचे सिद्ध करते, तेही लोकांच्या तळमजल्यावर येऊन. बदलापुरात उल्हास नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीच्या माहितीपत्रकात या रेषा नसतात, ‘रिव्हर व्ह्यू’ असतो. दोन्हींचा अर्थ एकच आहे.

रेल्वेही यातून सुटलेली नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात उभी राहिली. हजारावर प्रवासी रात्रभर डब्यांत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. एवढी मोठी सुटका शांतपणे पार पडली याचे मुख्य कारण, गाडीच्या चालकाने ‘काही होत नाही’ असे म्हटले नाही. तो थांबला.

पाण्यात गाडी घालण्याची हौस केवळ मराठी नाही, हे नोंदवणे न्यायाचे होईल. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९५ पासून कायदा आहे, की अडथळा ओलांडून पुराच्या पाण्यात गाडी घालणाऱ्याने आपल्या सुटकेचा खर्च स्वतः द्यावा. लोक त्याला मूर्ख मोटारचालकांचा कायदा म्हणतात. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरातल्या रफर्ड गावच्या उतारावर इतक्या गाड्या बंद पडू लागल्या आणि त्यांची चित्रफीत घ्यायला इतकी गर्दी जमू लागली, की २०२२ च्या अखेरीस तो रस्ताच वाहनांना बंद करावा लागला. तिथे पाणी चढले म्हणून रस्ता बंद झाला नाही, प्रेक्षक चढले म्हणून झाला. रुंदे पुलावर अजून तितकी वेळ आलेली नाही.

पाणी उतरण्याची रीत चढण्यासारखी नसते. चढते झपाट्याने, उतरते हळूहळू. डोंगरातला पाऊस थांबला तर लहान ओढा काही तासांत उतरतो, काळू-उल्हासला एखादा दिवस लागतो. फरशी उघडी पडते तेव्हा तिच्यावर चिखल, फांद्या आणि एक तरी चप्पल असते. हीच खरी धोक्याची वेळ. स्लॅबखालची माती पाण्याने खरवडून नेलेली असू शकते, जोडरस्त्याचा भराव आतून पोकळ झालेला असतो आणि वरचे डांबर मात्र जागच्या जागी दिसते. म्हणून पूल दिसू लागला याचा अर्थ पूल सुरू झाला असा होत नाही. अभियंत्याने पाहून हिरवा कंदील दिल्यावर तो सुरू होतो असे नियम सांगतो. एसटी गेली की सुरू होतो असे गाव मानते, आणि एसटीचा चालक अभियंत्याला विचारूनच जात असल्याने दोन्ही म्हणणी जुळतात.

तेव्हा फरशीवरून पाणी जात असेल आणि खांबाचा पट्टा दिसत नसेल, तर गाडी मागे घ्यावी. मागे घ्यायला जागा नसते, कारण पाठीमागे दहा गाड्या येऊन लागलेल्या असतात. अशा वेळी निदान इंजिन बंद करून, खाली उतरून, एसटीच्या चालकाशेजारी जाऊन उभे राहावे.